ओसरी: मूळ धातूंवरून नव्या भाषेचे शब्द पाडायलोय, एक्सेल शीट गंडली, कुणीतरी बघा

गोदाकाठचा_गडी
राम राम मंडळी. लांबण आहे, चहा घेऊन बसा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीची पोरं गंगाखेडला आली होती, बाहेर ऊन मी म्हणायलंय, मग घरातच खेळ मांडला. मोठ्या कागदावर नकाशा काढला, डोंगर, नदी, काळी रानं, गावं, आणि त्यातल्या लोकांना बोलायला भाषा पाहिजे म्हणून मी आपले संस्कृतातले शब्द जरा मोडतोड करून देत गेलो. भाची नववीत आहे, ती म्हणली मामा हे सगळे टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतले वाटायलेत. झालं, डोक्यात किडा शिरला. संस्कृतच्याही मागं जाऊ म्हणलं, संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन, रशियन या सगळ्यांची जी मूळ भाषा धरतात (आद्य इंडो-युरोपीय) तिथून धातू घ्यायचे आणि त्यांना आपल्या मनानं वेगळ्याच वाटेनं न्यायचं.

भाषेचं नाव ओसरी. पहाटेचा मूळ शब्द औसोस, आपल्याकडं उषस्, लॅटिनमधे अरोरा, इंग्रजीत ईस्ट. औ चा ओ केला, शेवटचा स गाळला, ओसो झाला. पुढचा री माझा स्वतःचा, त्याला कुठलंच मूळ नाही, पोरांना आवडला म्हणून ठेवला.

आता अडचण. पहिल्या खेपेला मी ग्रिमचा नियम (१८२२, मूळ व्यंजनं इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात कशी बदलली ते सांगणारा) जसाच्या तसा उचलला, प चा फ, द चा त, ग चा क. पाय म्हणजे पेद, त्याचा झाला फेत. गुडघा गेनु, त्याचा केनु. भाची म्हणली हे तर फूट आणि नी. बरोबरच आहे की, इंग्रजी ज्या रस्त्यानं गेली त्याच रस्त्यानं गेलो तर इंग्रजीच्याच दारात पोचणार. म्हणून दुसऱ्यांदा स्वतःचे नियम केले आणि शीटमधे एकेका नियमाला एकेक कॉलम दिला:

पहिला, क्व चा प आणि ग्व चा ब. दुसरा, शेवटचे स आणि म गळतात. तिसरा, जोडाक्षरात एक व्यंजन दुसऱ्यासारखं होतं. चौथा, डबल व्यंजनाचं सिंगल होतं. पाचवा, दोन स्वरांच्या मधला क, त, प मऊ पडून ग, द, व होतो. सहावा, दोन स्वरांच्या मधले ग आणि द गळून जातात.

आणि शेवटच्या कॉलमात जे आलंय ते बघून रडू यायलंय. शंभर: कओ. गुरं: पेउ. सात: सेअ. शेत: अओ. एखादं तान्हं लेकरू रडायलंय असं वाटतं. चुकलं कुठं?

सोयाबीन_भाव
ओसरी म्हणजे ओसरीवर बसून बोलायची भाषा का? मग आमच्या आज्याला येत होती, फुल फ्लुएंट.

निवांत_नांदेडकर
वाचतोय. जागा धरून ठेवली.

काळीमाती
गडीभाऊ, नियम चांगले आहेत, क्रम चुकलाय. पाचवा आणि सहावा यांची अदलाबदल करा आणि चौथा उचलून सगळ्यात शेवटी टाका. बाकी कशाला हात लावू नका. काहून ते सांगते, आणि त्यासाठी परदेशी जायची गरज नाही, आपल्या तोंडातच आहे.

सात आणि दोनशे मधला शे, हे दोन शब्द घ्या. एकाचं मूळ सप्त, दुसऱ्याचं शत. त दोन्हीत आहे. मग एकात त राहिला आणि दुसऱ्यात गेला कुठं? महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या आधीच्या आपल्या जुन्या भाषेत, दोन स्वरांच्या मधला एकटा त गळाला, शत चं सअ झालं, आणि त्याचं पुढं आपलं शे. सप्त मधला त एकटा नव्हता, त्याच्या पाठीशी प होता. तो प स्वतः मेला पण त चं डबल करून गेला, सत्त. गळतीची साथ आली तेव्हा डबल त वाचला. मग साथ ओसरल्यावर, बऱ्याच काळानं, सत्त चं सात झालं, एक त कमी झाला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा अ लांबला. हस्त, हत्थ, हात. चक्र, चक्क, चाक. दुग्ध, दुद्ध, दूध. सगळी एकाच माळेतली.

तुमच्या शीटमधे डबलचं सिंगल आधी झालं, म्हणजे साथ यायच्या आधीच तुम्ही सेत्त चं संरक्षण काढून घेतलं. मेला बिचारा. आणि पाचवा नियम सहाव्याच्या आधी असल्यामुळं जो क नुकताच ग झाला तोही लगेच गळाला. आधी जुने ग, द गळू द्या, मग क, त मऊ पडू द्या, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेवर नवे येऊन बसतील.

गोदाकाठचा_गडी
ताई, दंडवत. कॉलम हलवले फक्त, अक्षरशः दोन मिनिटं. आता बघा:

शंभर, क्म्तोम: कदो (यातला मधला म् स्वरासारखा धरला, त्याचा अ). गुरं, पेकु: पेगु. सात, सेप्तम्: सेत (शेवटचा अ उच्चारायचा). चाक, क्वेक्व्लोस: पेपो. जू, युगोम: युओ. शेत, अग्रोस: अगो. पाणी, वोद्र: वोर. गाय, ग्वोउस: बो. सून, स्नुसोस: नुसो.

हे शब्द तोंडात बसायलेत! पेपो तर पोरांनी लगेच उचलला, सायकलला पेपो म्हणायलेत.

परदेशी_परभणीकर
मी भाषाशास्त्र शिकतो, सध्या जर्मनीत, मूळचा परभणी. ताईंनी मुद्द्याचं सांगितलंच आहे, एक भर घालतो. दोन स्वरांतला त चा द करणं हा टप्पा आपल्याकडं शौरसेनीत (मथुरेकडची प्राकृत) दिसतो, गत चं गद, आणि महाराष्ट्रीत तोच त पार गळतो, गअ. म्हणजे तुमची ओसरी आत्ता शौरसेनीच्या स्टेशनवर उभी आहे, गाडी पुढं सोडली की पैठण येतं 🙂 ज्या पैठणला सातवाहनांची राजधानी होती आणि हाल सातवाहनाच्या नावावर ज्या प्राकृत गाथा आहेत त्या वाचल्या की जागोजागी सुट्ट्या स्वरांची रांग लागलेली दिसते, तुमच्या पहिल्या शीटसारखीच. त्यामुळं पहिला निकाल "अनैसर्गिक" नव्हता हां, आपले पूर्वज तसंच बोलायचे. देवकुल चं देऊळ आणि राजकुल चं राऊळ तिथूनच आलं, ज आणि क गेले, मधे नुसते स्वर उरले.

आणि क्व चा प करणं हे ग्रीक आणि वेल्शनं खरंच केलंय, ग्व चा ब ग्रीकनं केलाय, गाय म्हणजे बूस. तेव्हा तुमचा बो ग्रीकच्या जवळ गेलाय, चालतं का बघा.

शब्दवेडा_१९
सगळी चर्चा वाचली. प्रश्न असा आहे की मूळ भाषा म्हणून जी सांगताय ती कुणी पाहिली? एकही शिलालेख नाही. संस्कृत हीच मूळ, बाकी सगळे तिचे अपभ्रंश, मग सरळ संस्कृत धातूंवरून शब्द करा की, पाणिनीनं सगळं तयार करून ठेवलंय. उगाच पाश्चात्त्यांच्या मागं लागायचं.

सोयाबीन_भाव
आला. मी वाटच बघायलो होतो, कोणत्या नंबरच्या प्रतिसादाला येतो म्हणून.

परदेशी_परभणीकर
भांडण नको, प्रश्न चांगला आहे. शिलालेख नाही हे खरंय, म्हणून तर त्या शब्दांना पुस्तकात तारा लावतात (इथं टाईप करायला कटकट म्हणून आपण कुणी लावत नाही). पण चक्र हा एकच शब्द घेऊन बसा. त्यात दोन व्यंजनं आहेत, च आणि क. ग्रीकमधे तोच शब्द कुक्लोस, तिथं दोन्ही क. इंग्रजीत व्हील, त्याचं जुनं रूप बघितलं तर तिथंही दोन्ही ठिकाणी ह च्या जातीचा एकच आवाज. मग संस्कृतातच पहिला च आणि दुसरा क कसा? कारण पहिल्याच्या पुढं मुळात ए होता, आणि ए समोर क चा च होतो, जीभ पुढं ओढली जाते. दुसऱ्याच्या पुढं ल होता, तो क च राहिला. नंतर संस्कृतात मूळचे ऱ्हस्व ए, ओ, अ सगळे एका अ मधे मिसळले, म्हणून कारण पुसलं गेलं आणि परिणाम तेवढा उरला. म्हणजे संस्कृतच्या पोटातच पुरावा आहे की तिच्या आधी वेगळं काहीतरी होतं. लॅटिनमधे "आणि" ला क्वे, संस्कृतात च, तीच गोष्ट.

१८६८ मधे श्लायखर नावाच्या जर्मन पंडितानं या मूळ भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टच लिहून टाकली. त्याचे घोडे "अक्वासस" होते, सगळीकडं अ, पार संस्कृतसारखं, कारण तोपर्यंत ही च-क ची भानगड कुणाला उलगडली नव्हती. ती १८७० च्या दशकात उलगडली आणि आज तोच शब्द एक्वोस असा काहीसा लिहितात. नंतरच्या लोकांनी ती गोष्ट परत परत नव्यानं लिहिली, प्रत्येक वेळी आवाज बदलले. गडीभाऊंसाठी यात धडा असा की शीटचा पहिला कॉलमसुद्धा दगडावरची रेघ नाही.

शब्दवेडा_१९
च आणि क चा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. बाकी मतं कायम.

मोडीवाचक
नांदेडहून. वरच्या दादांनी घोड्यांचा विषय काढला म्हणून आठवलं. तुर्कस्तानात हित्ती नावाच्या जुन्या राज्याच्या राजधानीत लिहिलेल्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यात शेजारच्या मितन्नी राज्यातल्या किक्कुली नावाच्या माणसाचा घोडे तयार करायचा ग्रंथ आहे, साधारण ३४०० वर्षांपूर्वीचा. त्यात घोड्याला किती फेऱ्या मारायच्या ते सांगताना आकडे येतात अइक, तेर, पंज, सत्त. सत्त! प नाही. आता हा खरा उच्चार का त्या कीलाक्षर लिपीत लिहायची अडचण यावर वाद घालता येईल, पण वाचताना अंगावर काटा आला होता.

काळीमाती
आता दुसरी गोष्ट सांगते, ती मला शीटपेक्षा महत्त्वाची वाटते. गडीभाऊ, तुमची यादी बघितली, तुम्ही घोडा, मेंढी, कुत्रा यांचे मूळ शब्द पण घेतलेत आणि सगळ्यांना इमानदारीत नियम लावलेत. मराठीनं तसं केलं नाही हो. अश्व गेला, घोडा आला. अवि गेली, मेंढी आली. श्वन् गेला, कुत्रा आला. (आणि अस्वलाचा अश्वाशी काही संबंध नाही, दरवेळी कुणीतरी विचारतं म्हणून आधीच सांगितलं.) भाषा म्हणजे वारसा हक्काचा सातबारा नाही, की आज्याच्या नावावरची प्रत्येक चीज नातवाच्या नावावर लागलीच पाहिजे.

मग टिकलं काय? बैलगाडीकडं जाऊन उभं राहा. चाक, चक्रावरून. आस, अक्षावरून, लॅटिनमधे तोच अॅक्सिस. जू, युगावरून, इंग्रजीत योक. गाडी जे करते ते वाहणं, वह् वरून, इंग्रजी वॅगन त्याच धातूचा. चाकाची गाडी जगात साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी आली आणि हे सगळे शब्द मूळ भाषेत आहेत, म्हणून ती भाषा फुटून पांगायच्या आधी त्या लोकांकडं गाडी होती असं तज्ज्ञ म्हणतात. पण त्याच बैलांच्या मागं नांगर लावा, तो मात्र लाङ्गल वरून, आणि लाङ्गल या घराण्यातलाच नाही, तो इथल्या जुन्या ऑस्ट्रोएशियाटिक (मुंडा, संताळी यांच्या घराण्यातल्या) भाषांकडून आलेला मानतात. एकाच बैलजोडीच्या मानेवर एक शब्द आणि मागं दुसरा, दोन वेगळ्या गावचे.

घरात या. सासू, सासरा, दीर, सून. सगळ्या जुन्या वारसदार. आणि माझा लाडका शब्द जाऊ. संस्कृत यातृ. ग्रीक आणि लॅटिनमधे पण तिच्या बहिणी आहेत, म्हणजे नवऱ्याच्या भावाच्या बायकोला वेगळा शब्द पाहिजे हे त्या लोकांनाही वाटलं होतं. इंग्रजीनं तो घालवला आणि सगळ्यांना सिस्टर इन लॉ करून टाकलं. एकत्र कुटुंब सुटलं की शब्द सुटतो.

तेव्हा ओसरीतले लोक कसे राहतात ते आधी ठरवा, मग कुठले शब्द जगले ते कळेल.

सोयाबीन_भाव
आमच्या घरी जाऊ जाऊ एकमेकींशी बोलतच नाहीत, तरी शब्द जगलाय. पण ताई लई भारी लिहिलं. गाडीकडं आता वेगळ्या नजरेनं बघावं लागतंय, अर्थात गाडी उरलीच कुठं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आस म्हणतो आम्ही अजून.

निवांत_नांदेडकर
एक शंका. शेजारचे चाचा घरात दखनी बोलतात, ते खेत म्हणतात आणि आम्ही शेत. दोन्ही क्षेत्रच ना? मग एकाच बांधावर दोन कसे?

काळीमाती
एकच नियम दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लागला म्हणून. क्ष चा तिकडं ख झाला, आपल्याकडं छ वरून स किंवा श. मक्खी आणि माशी, कोख आणि कूस, ईख आणि ऊस. वरचा आस पण त्याच लायनीत. गडीभाऊ, नदीच्या पलीकडच्या गावाची बोली पाहिजे असेल तर नवीन शीट करायची नाही, एक कॉलम बदलायचा.

गोदाकाठचा_गडी
हे फार कामाचं आहे. आता अर्थाचं सांगा कुणीतरी. माझ्या शीटमधे अर्थाचा कॉलम पहिल्या दिवशी जो होता तोच शेवटी आहे, पाणी म्हणजे पाणी, पाय म्हणजे पाय. भाची म्हणली मामा हा नुसता डिक्शनरीचा अनुवाद झाला.

परदेशी_परभणीकर
भाचीला इकडं पाठवा, सीट मिळवून देतो.

अर्थ हलवायचे तर माणसं हलवा. युरोपात बीच नावाचं झाड आहे, त्याचा जुना शब्द लॅटिनमधे त्याच झाडाला राहिला, ग्रीसमधे ओकच्या झाडाला चिकटला. मध्य आशियातल्या तोखारी भाषेत लक्स म्हणजे नुसता मासा, जर्मनमधे मात्र लाख्स म्हणजे सामन, एक ठराविक मासा. तुमचे ओसरीवाले थंड मुलखातून काळ्या रानात आले ना? मग बर्फाचा शब्द त्यांनी टाकून दिला का गारपिटीला वापरला? झाडाचा शब्द लिंबाला लावला का बाभळीला? हे तुम्हीच ठरवायचं.

दुसरा रस्ता म्हणजे कामावरून. देइक् हा धातू, अर्थ दाखवणं. संस्कृतात दिशा झाली, लॅटिनमधे "बोलणे" झालं, इंग्रजीत टीच म्हणजे शिकवणं. तिघांनी एकच बोट तीन ठिकाणी रोखलं. आणि पेकु म्हणजे पाळलेली जनावरं, त्याच्या लॅटिन भावंडावरून पैशाचा शब्द पेकुनिया निघाला, आणि इंग्रजीतली फी पण त्याच गोठ्यातली धरतात. प चा फ, गडीभाऊंचा जुना मित्र ग्रिम.

बीडवाला_भौ
म्हणजे पोराची फी भरायला गाय विकली म्हणलं तर ते शब्दशः बरोबर आहे.

परदेशी_परभणीकर
हो ना. आणि एकर. आपण सातबाऱ्यावर एकर-गुंठे बोलतो तो एकर इंग्रजीतून आला, पण त्याचा संस्कृत भाऊ अज्र, म्हणजे रान, शेत. धातूचा अर्थ हाकणे, जनावरं जिथं हाकत न्यायची ती जागा. गडीभाऊंचा अगो तोच. अज्र आपण विसरलो आणि साहेबाच्या मोजपट्टीतून परत घरी आला.

मोडीवाचक
परत घरी येण्यावरून, निजामाच्या दारानं आलेले पण मोजा. हप्ता हा फारसी हफ्त म्हणजे सात यावरून, आणि हफ्त म्हणजे सप्तच, तिकडं स चा ह होतो, सिंधुचा हिंदू झाला तसा. म्हणजे सात आणि हप्ता सख्खे चुलत. हजार आणि सहस्र तसेच. दार आपलं, दरवाजा फारसी, दोन्ही एकाच उंबऱ्याचे. कचेरीतले निम्मे शब्द त्या वाटेनं आलेत आमच्याकडं. उलट तूप बघा, ते कानडी तुप्प. लातूर, नांदेडकडं तर घरोघर कानडी-तेलुगू पाहुणे. ज्या भाषेत सगळे शब्द एकाच आज्याचे आहेत ती भाषा मला नकली वाटते. ओसरीला शेजारी द्या.

शब्दवेडा_१९
एक विचारतो. द्वार आणि इंग्रजी डोअर. वरच्या ग्रिमच्या नियमानं मूळ द चा इंग्रजीत त होतो, मग इंग्रजीत द असेल तर संस्कृतात ध पाहिजे, भ्रातृ-ब्रदर सारखं. मग ध्वार का नाही?

परदेशी_परभणीकर
पकडलंत! खरंच ध पाहिजे होता, लॅटिनमधे आणि ग्रीकमधे त्याची साक्ष मिळते. "दोन" च्या द्वि चा परिणाम झाला असावा असं सांगतात, दाराला दोन फळ्या. नियम काटेकोर असतो, माणूस नसतो. गडीभाऊ, शीटमधे एक-दोन शब्द मुद्दाम असे बिघडवा.

गोदाकाठचा_गडी
मंडळी, तीन दिवस रोज रात्री बसलो. जे ठरलं ते टाकायलोय.

घोड्याचा शब्द काढून टाकला, ओसरीवाल्यांकडं बैल आहेत. गाडीचे सगळे शब्द ठेवले. नांगराला शब्द पलीकडच्या डोंगरातल्या लोकांचा, तो भाचीनं केलाय, "टुंग". त्याला कुठलाच नियम लागत नाही आणि त्यात ट आहे जो ओसरीत दुसरीकडं कुठंच नाही, म्हणजे ऐकल्याबरोबर परका कळतो. पेगु म्हणजे आधी गुरं, आता हुंडा सोडून कुठलीही देवघेव. बर्फाचा शब्द गारपिटीला गेला. वर्षाला वेगळा शब्द केलाच नाही, पाऊस आणि वर्ष एकच ठेवलं, आपल्याकडं म्हातारी माणसं किती पावसाळे बघितले म्हणतात तसं.

दीर नियमातून काढला तर देवेर आला. सगळे नियम लावून पण जवळजवळ देवरच! शीट परत परत तपासली, चूक नाही, त्या शब्दात आमच्या नियमांना खायला काही नव्हतंच. ठेवला तसाच. जाऊ मात्र येनादेर. आईला सांगितलं तर म्हणली एवढं लांबलचक नाव घेऊन हाक मारेपर्यंत भाकरी करपायची. मग हाक मारायला "येना" केला. हा सातवा नियम, आईचा.

आणि मोडीवाचक सरांसाठी: नदीपलीकडच्या बोलीत एकच कॉलम बदलला, शब्दाच्या सुरुवातीचा स तिकडं ह होतो. आमचं सेत, त्यांचं हेत. मग पलीकडचे व्यापारी दर सात दिवसांनी येतात त्या बाजारालाच ओसरीत हेत म्हणायला लागले. सात म्हणजे सेत आणि आठवडी बाजार म्हणजे हेत.

काळीमाती
हेत वाचून मी एकटीच हसायलेय स्वयंपाकघरात. आईंचा नियम सगळ्यात पक्का, तो कॉलम हलवू नका.

सोयाबीन_भाव
ते सगळं ठीक आहे, हेत कोणत्या वारी भरतो?

गोदाकाठचा_गडी
वारांची नावं अजून पाडलीच नाहीत ओ.